रिकामी बाटली

“वहिनी, बाटली काय बघता, पोरीचे सुकलेले ओठ बघा की,” नणंद म्हणाली होती. मी मनात म्हटलं, नणंदच ती, खोट काढल्याशिवाय चहा गोड कसा लागेल! माझी लेक शाळेतून रोज पाण्याची बाटली रिकामी करून आणायची. शेजारणींच्या मुलांच्या बाटल्या भरलेल्याच परत यायच्या, त्यामुळे मी जरा मिरवतही होते.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. शेवटच्या तासांना फळ्यावरचं काही डोक्यात शिरेना. त्यात लघवीला जळजळ आणि ताप. डॉक्टर म्हणाल्या, “पाणी कमी पडतंय हिला.”

“छे हो डॉक्टर, बाटली रोज रिकामी येते!”

लेक बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिली. “आई, शाळेतून निघताना मी ती कुंडीत ओतते. नाहीतर तू ओरडतेस.”

“अगं, पण पीत का नाहीस?”

“प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. आणि तिथल्या दाराला आतून कडीच नाहीये.”

तुमचीही लेक आता शाळेतून येईल. तिला दप्तर उतरवू द्या, आणि बाटली रिकामी दिसली तरी कडीचं तेवढं विचारा.