जाळीपलीकडचा काळ्या

ललिता आणि जगन सात महिन्यांनी वीटभट्टीवरून मुरबाडजवळच्या वाडीत परतले, तेव्हा त्यांचा कुत्रा काळ्या तिथं नव्हता. शेजारच्या फार्महाऊसवर आलेल्या एक बाई त्याला कल्याणला घेऊन गेल्या होत्या. ललिताचा जीव थाऱ्यावर राहीना. त्या बाई दर रविवारी काळ्याला ज्या बागेत आणतात, तिचा पत्ता फार्महाऊसच्या वॉचमनकडून काढून दोघं रविवारी तिथं आले. जगन तळ्यावर गळ टाकून बसलेल्यांपाशी थांबला. ललिता भराभर कुत्र्यांना मोकळं सोडायच्या जाळीच्या कुंपणाकडे गेली.

काळ्या धावत आला आणि जाळीला अंग घासत कुंईकुंई करू लागला. त्याचा लंगडा पाय आता नीट टेकत होता.

"तुमचा का हा?" त्याच्या मागून आलेल्या त्या बाईंनी विचारलं.

दिवाळीनंतर पुन्हा भट्टीवर जायचं होतं, आणि मुकादम तिथं कुत्रा येऊ देत नव्हता.

"नाय ओ ताई," जाळीतून बोटं काढून घेत ललिता म्हणाली. "आमचा दुसरा व्हता."

ती तळ्यावर परतली. "नाय गावला," तिनं जगनला सांगितलं.

फाटकापर्यंत मागून भुंकणं येत राहिलं. तो आवाज जगनच्या चांगलाच ओळखीचा होता. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तो तिच्याहून भराभर चालू लागला.