तांबट आळीचा हौद

“ठोके थांबवा! पाच मिनिटं फक्त!” मैथिली ओरडली.

“ताई, आमच्या बायका हेच चाळीस वर्षं सांगतायत,” एक तांबट हसून म्हणाला. तरी हातोडे थांबले.

जुन्या तांबट आळीची डागडुजी पुरी झाली होती, फक्त हौद कोरडा होता. डोंगरातल्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून पूर्वीसारखं हौदात पडेल, असं इंजिनिअर मैथिलीने लिहून दिलं होतं. नळांचा उतार तिने तीनदा मोजला होता. सकाळी सहाला तलावाचं दार उघडलं. बारापर्यंत पाणी आलं नाही, तर नळ काँक्रीटने बुजवायचे असं ठरलं होतं, आणि आता बाराला पाचच मिनिटं उरली होती.

तिने हौदात पाणी सोडणाऱ्या दगडी गोमुखाला कान लावला. आत काहीच हालचाल नव्हती.

“चला मॅडम, मिक्सर खोळंबलाय,” नगरपालिकेचे साहेब म्हणाले.

“थांबा!” म्हातारे त्र्यंबकअण्णा ओरडले. ठोके ऐकून त्यांचे कान कधीच गेले होते. पण भांडं ठोकून मठारताना धरावा तसा त्यांचा तळहात हौदाच्या दगडावर होता. “थरथरतंय! येतंय पाणी!”

मैथिलीने घाईने हात टेकवला. दगडात बारीक कंप होता, आणि तो वाढत होता.

गोमुखातून आधी हवा सुटली, मग पालापाचोळा, आणि मग गढूळ पाण्याचा जाड लोट हौदात कोसळला. आळी नाचू लागली. साहेबांचे बूट भिजले.

अण्णा तिचा दंड हलवत विचारत होते, “आवाज कसा येतोय गं? सांग की!”