पागाच्या गोळ्या

तुळसाच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या साली चार वर्षांच्या मोगरीला झटके येऊ लागले आणि शिकलेले शब्दही ती विसरू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून विचारलं, "हिच्या अंगात शिसं भिनलंय. घरात शिसं आहे का?"

"आमच्याकडं कुठलं शिसं, बाई?" मोगरीची आई तुळसा म्हणाली. तिचं माहेर घाटावरचं, सासर कोळीवाड्यातलं.

मायलेकी घरी आल्या तेव्हा सासरे ओट्यावर पाग विणत होते. जाळं बुडावं म्हणून त्याच्या काठाला ओवायच्या गोळ्या ते घरच्या चुलीवरच ओतायचे. मोगरी त्यांच्या मांडीत शिरली आणि तिचा गाल फुगला.

"आबा, हिच्या तोंडात काय?"

"पागाची गोळी! दुकानातल्या गोळीपरीस हिला हीच गोड लागते. कोळ्याची नात हाय!"

तुळसाने विचारलं, "आबा, या गोळ्या कशाच्या असतात?"

"खुळी का काय तू? शिशाच्या!"

तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं, तर मोगरीने घाबरून गोळी गिळली. तिला काखोटीला मारून तुळसा अनवाणीच दवाखान्याकडे धावली.

मोगरी त्याच वर्षी दिवाळीच्या पाडव्याला वारली.