लोड घेऊ नका

हृदयाच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी बाबा वर्कशॉपमध्ये आले. डॉक्टरांनी केव्हाच हो म्हटलं होतं. अडून बसले होते ती मीच. आल्या आल्या त्यांना खुर्चीत बसवलं.

"तुम्ही फक्त बघा, बाबा. अजिबात लोड घेऊ नका."

जनरेटरचं आख्खं इंजिन मी पहिल्यांदाच एकटीनं उघडून बांधलं होतं. दोन तास ते हळू चालू होतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर, वर तेलाचे शिंतोडे. माझं तोंड एवढंसं झालं.

"लोड किती दिलायस?" बाबांनी विचारलं.

"लोड? पिस्टनला नव्या रिंगा आहेत. जपून चालवतेय."

"जपून जपूनच वाट लावशील त्याची. लोड घेतल्याशिवाय रिंगा सिलिंडरला घट्ट बसत नाहीत."

ते उठले. आधी हीटर, मग कॉम्प्रेसर, मग वेल्डिंग मशीन, असं एकेक जोडत गेले. इंजिन दर वेळी दचकायचं, दबायचं आणि पुन्हा छाती काढून गरजायचं. तासाभरात धूर विरला. बाबांनी सायलेन्सरपुढे रुमाल धरला. तेलाचा एक थेंब नाही! मी अशी ओरडले की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

"आता बसा हं. लोड घेऊ..." म्हणता म्हणता माझी नजर त्यांच्या शर्टाच्या उघड्या गळ्यातून दिसणाऱ्या टाक्यांच्या व्रणावर गेली.

मी खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली.

"उद्या आठला उघडायचंय. उशीर करू नका."