डब्यातला सूर्य

कर्र... ओपनरचं पातं पत्र्यात घुसलं आणि स्वयंपाकघरातली शांतता फुटली. पडदे ओढलेले होते, दिवा बंद होता.

"श्वास सोडा गं दोघी," टेसा म्हणाली. "बॉम्ब नाहीये."

तिच्या आईने, केरीने, श्वास सोडला. पाच वर्षांच्या धाकट्या नेलने मात्र गाल फुगवले ते फुगवलेच ठेवले.

साधा बिअरचा कॅन. एका बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक, आत फोटोचा कागद. नोव्हेंबरात टेसाने तो समोरच्या डकवर्थ आजोबांच्या भिंतीवर, पावसाच्या पाण्याच्या नळीला चिकटपट्टीने बांधला होता, भोक आपल्या घराकडे करून, सहा महिने एकच फोटो टिपायला. त्यातली बिअर तिच्या बाबांनी संपवली होती. "कलेला माझा हातभार," असं क्रेग येईल त्याला सांगायचा.

आता मे आला होता. कॉलेजातल्या दोन वर्षांच्या कला आणि डिझाइनच्या अभ्यासाचं शेवटचं काम त्या कॅनमध्ये होतं. लीड्सच्या कला महाविद्यालयाने टेसाला जागा देऊ केली होती, पण ती जागा या कामाच्या गुणांवर अडून होती.

हिवाळाभर केरीचा जीव त्या कॅनमध्ये अडकला होता. वादळ झालं की ती रस्ता ओलांडून बघून यायची. एकदा तिने डकवर्थ आजोबांचे आभार मानले, तर म्हातारा हसला. "अगं, माझंच देणं फिटतंय. कचऱ्याची गाडी गेली रे गेली की तुझा क्रेग माझा कचऱ्याचा डबा आत आणून ठेवतो. असा शेजारी शोधून मिळायचा नाही." केरी त्या दिवशी जरा ताठ मानेनेच घरी आली.

टेसाने कागद स्कॅन केला, रंग उलटे केले आणि लॅपटॉप आईकडे फिरवला.

केरी लॅपटॉपवर वाकली.

त्यांचंच घर. तीच धुराडी, तेच कौलारू छप्पर. आणि छपरावर सोनेरी कमानी, एकीवर एक. डिसेंबरातला सूर्य धुराड्यांना जेमतेम शिवून गेलेला. मग रोज एक रेघ, आदल्या दिवसापेक्षा केसभर वर, मेपर्यंत आभाळभर. ढगाळ दिवशी रेघ तुटलेली, ऊन आलं की पुन्हा जुळलेली. सकाळी क्रेग अंधारातच कामावर जायला व्हॅन काढायचा, मग या तिघी निघायच्या. दुपार टळेपर्यंत घर रिकामं. त्या रिकाम्या घरावरून रोज हे सगळं चाललं होतं आणि बघायला कुणी नव्हतं!

"आपल्या गावात ऊन पडतं," केरी म्हणाली, "याचा हा पहिलाच पुरावा."

"मी कुठेय?" नेलने विचारलं.

"तू नाहीस. तू एका जागी थांबतेस कधी? जे हलतं ते यात उमटतच नाही. जे तासन् तास थांबतं, तेवढंच दिसतं." टेसाचं बोट रस्त्यावर टेकलं. "ही बघ, शेजारच्या नसरीन आंटीची लाल गाडी. दिवसभर कामावर असते, म्हणून तिचा नुसता धुरासारखा डाग दिसतोय. आणि ही..."

बोट थांबलं.

त्याच वेळी बाहेर व्हॅनचं दार आपटलं. टेसाने लॅपटॉप मिटला.

"काय, पकडला का सूर्य?" क्रेग आत येत म्हणाला. "का माझी बिअर वाया गेली?"

"आई, प्रदर्शनात हा नको," टेसा हळूच म्हणाली. "कॉलेजच्या गच्चीवरचा दुसरा कॅन आहे ना, तो लावते."

"त्यात पाणी शिरलंय म्हणालीस! अर्धा काळा पडलाय."

"चालेल."

केरीला पोरीचा राग आला. बापाच्या थट्टेला इतकं घाबरायचं? क्रेग अंघोळीला गेल्यावर तिने टेसाला गाठलं. "तुझं लीड्स जाईल, कळतंय का? एवढं सुंदर मी जन्मात पाहिलेलं नाही. हाच लावायचा."

"कॉलेजच्या ग्रिमशॉ मिस तो भिंतीएवढा छापतील, आई. सगळं दिसेल."

"मग दिसू दे की! माझ्यासाठी लाव."

टेसाने तिला लहानपणी मारायची तशी घट्ट मिठी मारली.

जूनमधल्या प्रदर्शनाला कॉलेजच्या दारातच केरीचा फोन वाजला. क्रेगचा निरोप होता. 'आत्ता काम उरकलं. थेट साइटवरून येतोय.' तिने नेलचा हात धरला आणि आत गेली.

भिंतभर सूर्य होता. माणसं त्याच्यासमोर येऊन थांबत होती. ग्रिमशॉ मिसनी लांबूनच अंगठा वर केला. लीड्सची काळजी मिटली होती. त्यांच्या शेजारी टेसा उभी होती. तिची नजर भिंतीवर नव्हती, आईवर होती.

केरीने मान वर करून एकेक कमान पाहिली. सगळी सोनेरी, सगळी त्यांच्या छपरावरची. तिचे डोळे भरून आले. आभाळावरून नजर खाली आणावीशीच वाटेना.

नेलची उंची मात्र रस्त्यापर्यंतच होती. तिने आईचा हात ओढला.

"आई, नसरीन आंटीची गाडी कामाला जाते म्हणून तिचा धूर झाला ना? मग बाबांची व्हॅन दारात अशी अख्खीच्या अख्खी कशी दिसते?"