पायगुण

"जानरावभाऊ, गेली!"

बुलढाण्याहून आलेली संध्याकाळची एस.टी. धाडच्या फाट्यावर पुरती थांबलीही नव्हती, तोच दयाराम कंडक्टरने दारातून ओरडून निरोप दिला. जानराव दुपारी चारपासून लिंबाखालच्या पारावर बसून होते. गाडी दिसताच उठले होते, ते पुन्हा मटकन बसले.

"कोनं सांगतलं?"

"तुमच्या जावयानं. गाडी सुटता सुटता धावत आले. 'मामाजीले सांगा, गेली म्हना,' एवढंच बोलले. रडून राह्यले होते हो."

दयारामने घंटी वाजवली आणि गाडी भोकरदनकडे निघून गेली.

'आली' म्हणजे मॅच जिंकली, 'गेली' म्हणजे हरली. एस.टी. फाट्यावर मिनिटभर थांबते, तेवढ्यात निरोप पोचला पाहिजे म्हणून सासऱ्या-जावयाने दोन वर्षांपूर्वीच हे ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून त्या गाडीने जानरावांना दुसरा कसला निरोप कधी आणला नव्हता.

सोळा एकर जमीन, दोन बैलजोड्या आणि सुलभा ही एकुलती एक मुलगी, एवढा जानरावांचा संसार. पण तुमचं काय काय आहे विचारलं, तर हा माणूस आधी बुलढाण्याचा फुटबॉल संघ सांगायचा. शाळेत असताना तिथल्या मैदानावर खेळला होता. गुडघा कामातून गेला, वेड तेवढं राहिलं. मुलीच्या लग्नाची तिथी त्यांनी सामन्यांचे दिवस सोडून काढायला लावली. जावई पसंत केला तोही सरकारी कारकून म्हणून नव्हे, कॉलेजात गोलकीपर होता म्हणून. गाव हसायचं आणि सोडून द्यायचं. असली वेडं हसून सोडून देण्यासारखी नसतात, पण हे कोणी कोणाला सांगायचं?

त्यात पायगुणाची भर पडली. महाराष्ट्र झाला त्या वर्षापासून ओळीने तीन वर्षं जानराव अंतिम सामना बघायला बुलढाण्याला गेले आणि तिन्ही वर्षं संघ हरला. कोणीतरी गमतीत म्हणालं, "तुमचा पाय काई चांगला नाही बाप्पा." सगळे हसले. जानरावांनी मात्र ते देवाच्या कौलासारखं धरून ठेवलं. यंदा गाठ खामगावशी होती आणि सामना होईपर्यंत बुलढाण्यात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्याच बुलढाण्यात, दवाखान्यात, सुलभा अकरा दिवसांपासून मुदतीच्या तापाने पडून होती. परवा तिचं कार्ड आलं होतं. अक्षर दुसऱ्याचं, शब्द तिचे. 'बापू, तुम्हाला बघावंसं वाटतं.'

जानरावांच्या बायकोने, केसरबाईने, सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती. लेकीसाठी धुतलेली दोन लुगडी आणि सहा मोसंब्या.

"आज चला," ती म्हणाली होती. "पोरगी वाट पाहून राह्यली."

"उद्या पयल्या गाडीनं जाऊ. आज म्या तिथं पाय ठेवला अन् मॅच गेली, तं लोकं मले उभं करतीन काय?"

केसरबाई जन्मात कधी एकटी एस.टी.त बसली नव्हती. पिशवी दाराशीच राहिली.

आता तीच पिशवी ओलांडून जानराव घरात शिरले आणि खाटेवर आडवे झाले. केसरबाई चुलीत काड्या सारत होती.

"चूल पेटवू नको," ते म्हणाले.

"काऊन? असं अभद्र नका बोलू. कोनी मेलं काय घरात?"

"तसंच समज. मॅच गेली. आज या घरात अन्न शिजनार नाही." मग डोळे पुसत, काहीशा कौतुकाने म्हणाले, "अनंताही रडला म्हने. असा जावई भेटाले नशीब लागते."

केसरबाईचा हात काडेपेटीवर थांबला.

"अनंता रडला? मॅचसाठी?"

"मंग कायच्यासाठी?"

तिने काडी ओढली नाही. काडेपेटी मुठीत धरून ती चुलीपुढेच बसून राहिली. या माणसाने लेकीच्या तापात एक घास कमी खाल्ला नव्हता आणि आज तो चेंडूसाठी उपाशी राहणार होता.

दिवेलागणीला फाट्याकडून डफड्यांचा आवाज आला. सामन्याला गेलेली गावातली पोरं ट्रकमधून परत आली होती. अंगभर गुलाल होता, आरडाओरड चालली होती. "दोन-एक! दोन-एक!"

जानराव अनवाणी धावले. "काय बे, कोन जिंकलं?"

"आपुनच! शेवटच्या पाच मिन्टांत गोल! सोता पाह्यला काका!"

कोणीतरी त्यांच्या कपाळावर गुलाल फासला. म्हातारा गुडघा विसरून ते चार पावलं नाचले आणि तसेच हसत घरी आले.

"जिंकलो! अवं, जिंकलो! म्या गेलो नाही म्हून जिंकलो! तो दयाराम बहिरा झाला, आली म्हनलं तं ह्यानं गेली आयकलं. ऊठ, चूल पेटव. शिरा कर!"

केसरबाई उठली नाही. काडेपेटी अजून तिच्या मुठीत होती. तिने नवऱ्याच्या कपाळावरच्या गुलालाकडे पाहिलं. मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"मॅच आली म्हन्ता," ती म्हणाली. "मंग गेली कोन?"