सातव्या फेरीतला मुलगा

सातव्या फेरीतल्या मुलाला निशिकांतने 'डी' दिला आणि निवलेल्या चहाचा घोट घेतला. बाकीच्यांचे मार्क देऊन झाले होते. दहाच्या आत मजकूर गेला की तो मोकळा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये दरवर्षी व्यावसायिक संघ कॉलेजातली नवी मुलं सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडून घेतात. त्या निवडीला मार्क देणं हे सिंगापुरात बसून निशिकांतचं काम. मुलं संघाकडून अजून एकही सामना खेळलेली नसतात, तरी मार्क द्यायचे. म्हणून त्याने स्वतःला नियम घालून घेतले होते. मैदानावर दिसलं तेवढंच धरायचं. का, कसं, कोणामुळे, हे धरायचं नाही. आणि व्हिडिओ बघायचे ते आवाज बंद करून. निवडीचा फोन आला की मुलं रडतात, त्यांच्या आया रडतात, आणि रडण्याने मार्क वाढतात, असा त्याचा अनुभव होता.

एलायजा पोर्टर नावाच्या या मुलाबद्दल त्याने लिहिलं होतं, 'दोन वर्षं मैदानाबाहेर. संघाने एक निवड वाया घालवली.'

आतून त्याची बायको क्षिप्रा बाहेर आली. निळा कुर्ता, केस नीट बांधलेले, पायांत मात्र घरातल्या सपाता. अकरा वाजता बुओना व्हिस्टाला तिची मुलाखत होती, अकाउंट्समधल्या जागेसाठी. ती येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"मी नाही जात."

"अगं, तयार झालीस की!"

"झाले. आणि मग वाटलं, परत तेच ऐकायचं? दोन वर्षं काय करत होतात? वैयक्तिक कारण म्हणजे काय? मागच्या वेळची ती पोरगी तर अगदी हळू आवाजात म्हणाली, आता तब्येत बरी आहे ना तुमची? तिला वाटलं, मीच कुठे ॲडमिट होते."

"मग सांगायचं ना तिला."

"तोंडावर विचारलं की नाही सुचत मला. समोर लिहिलेलं असलं की बोलता येतं. चांगल्या चार ओळी लिहिल्या होत्या मी रेझ्युमेत. तू कापल्यास."

कापल्या होत्या खऱ्या. एचआरला कारणांशी देणंघेणं नसतं, असं म्हणून निशिकांतने त्या चार ओळींचे दोन शब्द केले होते. वैयक्तिक कारण. नेटकं झालं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

क्षिप्रा इथली, तांजोंग पगार भागातली नोकरी सोडून पुण्याला गेली होती, एक मोठं दुखणं काढायला. ते दुखणं या वर्षी संपलं आणि ती परत आली. तेव्हापासून मुलाखतीला बोलावणी येत होती. मुलाखतीनंतर मात्र कोणाचा फोन येत नव्हता. आज गेली नाही तर ही पुन्हा अर्जच करणार नाही, हे निशिकांतला तिच्या आवाजावरून कळलं.

"हा कोण रे?" तिने स्क्रीनकडे बोट केलं. "याला 'डी' का?"

"दोन वर्षं घरी बसला होता."

"म्हणजे माझ्याच वर्गातला." ती हसली. "दाखव बघू."

त्याने नेहमीसारखा मुका व्हिडिओ लावला. एक स्वयंपाकघर. खुर्चीत एक बाई, मांडीवरचा तिचा हात सारखा कापणारा, तिच्यासमोर ओणवा झालेला दाराएवढा मुलगा, त्याच्या हातात ग्लास. फोन वाजला. मुलाने तो उचलला, काहीतरी बोलला, टेबलावर ठेवला आणि परत ग्लासाकडे वळला.

"फोन ठेवलान् की काय? आवाज लाव."

"अगं, मी आवाज..."

"लाव म्हणते ना!"

त्याने आवाज लावला. "कोच, एक मिनिट थांबाल का?" मुलगा म्हणत होता. "आईची गोळी चाललीय." मग काहीच नाही. पलीकडे अख्खा संघ फोन धरून थांबलेला, आणि अलीकडे त्या बाईच्या घोट गिळण्याचा आवाज.

"पार्किन्सन्स," क्षिप्रा म्हणाली. "गोळीची वेळ चुकली की पुढचा सगळा दिवस जातो. हनुवटी बघ कशी धरलीय त्याने. वर नाही उचलत. उचलली की ठसका लागतो. मला नव्हतं येत आधी."

तिची दोन बोटं नकळत पुढे झाली होती आणि समोर कोणी नसताना हवेत तशीच थांबली होती. निशिकांत त्या बोटांकडे बघत राहिला.

"आणि याला 'डी'," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

निशिकांतने 'डी' बदलला नाही. मैदानावर दिसलं नव्हतं ते नव्हतंच दिसलं. पण 'वाया घालवली' हे त्याने खोडलं, आणि 'दोन वर्षं मैदानाबाहेर' यापुढे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारण लिहिलं. मजकूर पाठवून दिला. मग तिचा रेझ्युमे उघडला.

"अरे, तो त्यांना कधीच गेलाय."

"नवा छापून देतो. गेल्या गेल्या हातात दे त्यांच्या. चपला घाल, टॅक्सी बोलावतो."

"आता आणखी काही कापू नकोस, बाबा."

"कापत नाहीये."

'वैयक्तिक कारण' त्याने पुसलं. 'कुटुंबातील आजारपण' असं लिहिलं. तेही नेटकं होतं. तेही पुसलं. क्षिप्रा चपलेचा पट्टा लावता लावता स्क्रीनकडे बघत होती. मग तो थांबून थांबून, एकही शब्द न गाळता लिहू लागला.

'दोन वर्षं सासूबाईंची शुश्रूषा केली. त्या काळात त्यांचा मुलगा सिंगापुरात नोकरी सांभाळत होता.'